हौदाचा ताळा

१८ ऑगस्ट

"ताळा दुसऱ्याला करू द्यायचा नाही, बोद्रोगी. सख्ख्या बापालासुद्धा नाही."

हे मला अप्पांनी सांगितलं तेव्हा मी अठरा वर्षांची होते. वर्गात ते मला आडनावानं हाक मारायचे आणि मी त्यांना सर म्हणायचे. शाळान्त परीक्षेचे पेपर तेव्हा आपापल्या शाळेतलेच शिक्षक तपासत. माझा गणिताचा पेपर अप्पांनी तपासला आणि मला पाचपैकी एक गुण दिला. एक म्हणजे नापास. उत्तरं बरीचशी बरोबर होती, पण रीत अर्धवट होती आणि ताळा कुठेच नव्हता. मास्तरांनी पोरीला उचलून धरलं असं आमच्या सेन्तेश गावात कुणी म्हणू नये म्हणून त्यांनी तसं केलं, असं आई मरेपर्यंत म्हणत होती. अप्पा यावर कधी काही बोलले नाहीत. मी पुन्हा परीक्षेला बसले नाही.

आज बालवाडीच्या मोठ्या बाईंनी मला आत बोलावलं. जानेवारीत एक वर्ग बंद होतोय, त्यामुळे मदतनिसाची माझी जागा जाणार. सहाय्यक शिक्षिकेची एक जागा मात्र निघणार आहे आणि त्यांना ती मला द्यायची आहे. फक्त शाळान्त परीक्षा पास हवी. बाकीचे विषय तेव्हाच सुटलेत. गणित राहिलंय. ते ऑक्टोबरमध्ये.

घरी येऊन भांडी घासली, मग घासलेलीच पुन्हा घासली. शनिवारचा अभ्यासवर्ग आहे, तिथे नाव घातलं. पण तेवढ्यानं भागणार नाही हे मला कळतंय. अप्पांना विचारायला हवं.

२१ ऑगस्ट

विचारलं. ते मिरच्यांना पाणी घालत होते. पिंपातलं पाणी झारीत घेता घेता म्हणाले, "तुला शिकवून झालंय एकदा." झारी रिकामी केली. मग, "सहाला ये. पाच मिनिटं उशीर झाला तर दार उघडणार नाही."

मी पावणेसहालाच फाटकाशी उभी होते. स्वयंपाकघरातल्या कोठीच्या दाराला काळा रंग आहे, तोच फळा. लहानपणी पिठाच्या डब्याकडे जायचं तर आधी पाढा म्हणावा लागे.

अभ्यासवर्गाचं नवं पुस्तक नेलं होतं. अप्पांनी शेवटची पानं उघडली, पट्टी लावली आणि सगळी उत्तरं सरळ फाडून चुलीत घातली. घरातल्या एकाही गणिताच्या पुस्तकाला शेवट नाही. उत्तर माहीत असलेला माणूस वाट शोधत नाही, उडी मारतो, असं त्यांचं जुनं मत. मला उडी मारायची होती.

पहिलं गणित: क्ष वर्ग वजा पाच क्ष अधिक सहा बरोबर शून्य. ज्यांचा गुणाकार सहा आणि बेरीज पाच असे दोन आकडे शोध, म्हणाले. दोन आणि तीन. म्हणजे क्ष वजा दोन गुणिले क्ष वजा तीन, आणि दोघांपैकी एक तरी शून्य असणारच. क्ष दोन किंवा तीन. मी खडू ठेवला. त्यांनी तो उचलून परत माझ्या हातात दिला. ताळा. दोन घाल: चार वजा दहा अधिक सहा, शून्य. तीन घाल: नऊ वजा पंधरा अधिक सहा, शून्य.

"आता झालं," ते म्हणाले. "आत्तापर्यंत नुसतं उत्तर होतं."

परतताना सायकल चालवत नव्हते, तीच मला नेत होती.

२९ ऑगस्ट

आज हौदाचं गणित. हे नुसतं वाचलं तरी मला घाम फुटतो. एक नळ एकटा हौद तीन तासांत भरतो, दुसरा एकटा सहा तासांत. दोन्ही सोडले तर किती वेळ?

अप्पा म्हणाले, हौदाला तास विचारू नकोस, तो घाबरवतो. एका तासात किती भरलास ते विचार. पहिला नळ तासाला एक तृतीयांश हौद. दुसरा एक षष्ठांश. छेद सारखे करायचे: दोन षष्ठांश आणि एक षष्ठांश मिळून तीन षष्ठांश, म्हणजे निम्मा. तासाला निम्मा, तर पुरा हौद दोन तासांत. ताळा: दोन तासांत पहिल्यानं दोन तृतीयांश भरला, दुसऱ्यानं एक तृतीयांश. मिळून एक.

एवढंच होतं हे. एवढ्याला मी आयुष्यभर घाबरले.

झेल्मा, आमच्या बालवाडीची स्वयंपाकीण, हे ऐकून म्हणाली, "अगं, कुठला शहाणा हौद भरायला दोन नळ सोडतो? पाण्याचं बिल काय त्याचा बाप भरतो?" मी म्हटलं, माझा बाप भरतो. ती हसली. मी पण.

४ सप्टेंबर

अप्पांनी पुन्हा हौदाचंच घातलं, तेच आकडे. मी सांगितलं नाही की हे झालंय. सरसर सोडवलं, ताळा केला, त्यांनी मान डोलावली. मागच्या आठवड्यातही एकदा तेच घातलं होतं. घोटून घेतायत. खरा शिक्षक तो हाच. अभ्यासवर्गातले गेलेर्ट सर दर शनिवारी नवं काहीतरी घेतात आणि जुनं निसटून जातं.

परीक्षा कधी आहे, हेही दर वेळी विचारतात. मी विसरू नये म्हणून.

आज गुरुवार, त्यांचा पत्त्यांचा दिवस. तरी घरीच होते. का गेला नाहीत विचारलं तर म्हणाले, ती सगळी मूर्ख मंडळी आहेत. किती वर्षं त्या टेबलाला बसले असतील. माझ्यासाठी सोडलंय, पण बोलून दाखवायचे नाहीत. मला फार भरून आलं आणि त्याहून जास्त भीती वाटली. आता नापास झाले तर त्यांचे गुरुवारसुद्धा माझ्या अंगावर येतील.

१२ सप्टेंबर

अंगणात आलुबुखार पडून पडून सडा झालाय. अप्पांनी मुरंबा चढवला होता, फाटकापाशीच जळका वास आला. तळाला कोळसा. पातेलं जाईल बहुतेक. माझ्यासाठी भूमितीची आकृती काढत बसले होते, त्यात भान राहिलं नाही. मीच कारण.

मग समीकरण. तीन गुणिले कंसात क्ष वजा चार, बरोबर क्ष अधिक सहा. मी कंस सोडवला: तीन क्ष वजा बारा. क्ष डावीकडे, बारा उजवीकडे. दोन क्ष बरोबर अठरा, क्ष नऊ.

"चूक," अप्पा म्हणाले. त्यांनी शेजारी स्वतः मांडलं. बारा उजवीकडे नेले ते वजाच ठेवले. दोन क्ष बरोबर वजा सहा, क्ष वजा तीन. मी म्हटलं, बाजू बदलली की चिन्ह बदलतं ना? ते म्हणाले, दर वेळी नाही. कधी बदलत नाही ते विचारायचं होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं. ताळा करायला खडू उचलला तर म्हणाले, "केला मी मनात."

माझी ओळ पुसली, त्यांची उतरवून घेतली. चिन्ह कधी बदलत नाही हा नियम पुस्तकात कुठेच सापडला नाही. इतक्या साध्या ठिकाणी अडतेय. महिना राहिलाय फक्त.

२० सप्टेंबर

गेलेर्ट सरांनी सराव पेपर परत केला. तरुण आहेत, बोलताना स्वतःचेच कान ओढतात. वर्ग सुटल्यावर थांबवून म्हणाले, "ताई, तुम्ही बरोबर लिहिता आणि मग खोडता. खोडून चूक लिहिता. असं का?"

मी म्हटलं, मला वडील शिकवतात. बोद्रोगी काल्मान. नाव ऐकून ते ताठ उभे राहिले, त्यांचे वडील अप्पांच्या हाताखालून गेलेत. मग कान ओढत म्हणाले, "तरी पण खोडू नका."

मला राग आला. काल मिसरूड फुटलेली पोरं. घरी येईपर्यंत राग उतरला आणि त्या जागी ती नेहमीची थंडगार भीती. बरोबर काय ते दोघांपैकी एकाला कळतंय, आणि मला दोघांपैकी कोण ते कळत नाही. मग मी परीक्षेत काय दिवे लावणार?

२४ सप्टेंबर

पुन्हा हौद. तीन तास, सहा तास. मी हसत हसत सोडवलं आणि खाली दोन लिहिलं.

अप्पा बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले. नाकावरचा चष्मा काढून पुसला, परत घातला. मग म्हणाले, "तीन आणि सहा. मधलं काढ. साडेचार."

मी म्हटलं, अप्पा, आपण आधी दोन काढलं होतं. तासाला निम्मा.

"वाद घालू नकोस, बोद्रोगी."

दोन पुसलं, साडेचार लिहिलं. त्यांच्या बोटांवर खडू होता, तो त्यांनी विजारीला पुसला. हे मला लहानपणी कधी करू दिलं नव्हतं.

घरी येताना एक बावळट प्रश्न डोक्यात घोळत होता. एकटा नळ तीन तासांत भरतो, तर मदतीला दुसरा आल्यावर साडेचार कसे लागतील? नक्की मी काहीतरी वाचायची विसरतेय. एखादा शब्द असेल त्या गणितात जो मला दिसत नाही. अठराव्या वर्षीही असंच असणार. त्यांनी एक दिला तो काही उगाच नाही.

२ ऑक्टोबर

आज अप्पांनी विनोद केला. आयुष्यातला पहिलाच असेल.

त्रिकोणमितीत माझी गाडी पार रुतली होती. कोष्टकांचं पुस्तक उघडून मी चुकीच्याच ओळीवर बोट ठेवत होते. अप्पांनी पुस्तक मिटलं, माझ्याकडे अगदी कडक चेहऱ्यानं बघितलं आणि म्हणाले, "बोद्रोगी, असं चालणार नाही. उद्या वडलांना शाळेत घेऊन ये."

मी खो खो हसले. म्हटलं, सांगते त्यांना, पण ते फार कडक आहेत हो सर. ते हसले नाहीत. विनोद करणाऱ्यानं हसू नये म्हणतात. थोड्या वेळानं खिडकीकडे बघत म्हणाले, "हं. मग नको सांगूस." तेही किती छान केलं.

झेल्माला हे नक्कल करून सांगितलं. ती नेहमीसारखी हसली नाही. बटाटे सोलत राहिली. मग म्हणाली, रविवारी सूप जास्त करते, त्यांच्याकडे डबा नेशील का? आणि त्यांचा गॅस बघत जा. मी म्हटलं, गॅसचं काय? ती म्हणाली, काही नाही, म्हातारी माणसं.

१३ ऑक्टोबर

उद्या.

पांढरा ब्लाउज इस्त्री करून खुर्चीवर घातलाय. निळी पेनं, पट्टी, कोष्टकांचं पुस्तक, चॉकलेट. अप्पांकडे गेले होते. त्यांनी शुभेच्छा दिल्या नाहीत, कधीच दिल्या नाहीत. विचारलं, परीक्षा कधी आहे. मी म्हटलं, उद्या. ते म्हणाले, मग इथे काय करतेस? फाटकापर्यंत आले. मी सायकलवर बसल्यावर पाठीमागून म्हणाले, "ताळा."

पास झाले नाही तर जानेवारीत माझ्याकडे काम नसेल. पण खरं सांगायचं तर रात्रंदिवस मला ते दिसत नाही. दिसतो तो अप्पांचा चेहरा. आणि लाल शाईतला एक.

१४ ऑक्टोबर

वाटेत धुराडी साफ करणारा दिसला, म्हणजे शुभशकुन. रिवाजाप्रमाणे मी कोटाचं बटण धरलं आणि शाळेच्या दारापर्यंत सोडलं नाही, त्यामुळे एका हातानं सायकल. तीच शाळा, तीच मधली खोली. आजूबाजूला माझ्या मुलांच्या वयाची मुलं, मला मुलं असती तर.

पहिला भाग गेला कसाबसा. दुसऱ्या भागात कुंपणाचं गणित होतं. एक रंगारी एकटा चार तासांत कुंपण रंगवतो, दुसरा एकटा बारा तासांत. दोघं मिळून?

हौदच होता हा, कपडे बदलून आलेला. हात आपोआप चालला. चार आणि बारा, मधलं काढ, आठ. मी आठ लिहिलं, खाली रेघ मारली आणि अप्पांचा आवाज ऐकू आला. ताळा.

म्हणून ताळा केला. आठ तासांत पहिला रंगारी एकटाच दोन कुंपणं रंगवेल. एकटा असता तर चार तासांत घरी गेला असता. मदतीला माणूस आला म्हणून काम दुप्पट लांबलं. असं होऊच शकत नाही. कुठला शब्द वाचायचा राहिला म्हणून मी गणित परत वाचलं, बोट ठेवून, एकेक शब्द. काहीही राहिलं नव्हतं. त्या हौदाच्या गणितातही काही राहिलं नव्हतं.

मग बारा उजवीकडे गेले आणि वजाच राहिले, तेही दिसलं. नऊ घातलं: डावीकडे तीन पंचे पंधरा, उजवीकडे नऊ आणि सहा पंधरा. नऊच होतं ते. मग जळकं पातेलं. तेच ते गणित पुन्हा पुन्हा. परीक्षा कधी आहे. वडलांना शाळेत घेऊन ये.

किती वेळ पेन तसंच धरून बसले होते कुणास ठाऊक. पर्यवेक्षक बाईंनी येऊन हळूच विचारलं, पाणी हवंय का?

मी आठ खोडलं. तासाला एक चतुर्थांश आणि एक द्वादशांश. तीन द्वादशांश आणि एक द्वादशांश, चार द्वादशांश, म्हणजे एक तृतीयांश. तीन तास. ताळा: पाऊण कुंपण पहिल्याचं, पाव दुसऱ्याचं. मिळून एक. आयुष्यात पहिल्यांदा मला खात्रीनं कळलं की माझं उत्तर बरोबर आहे, आणि ते चूक असावं असं मला वाटत होतं.

शेवटच्या तीन गणितांतलं एक सोडता येतं. कुठलं सोडलं त्याचा आकडा चौकटीत लिहायचा असतो. भूमितीचा लिहिला. बाकीचं सोडवलं. डोळे पुसत सोडवलं, पण सोडवलं.

संध्याकाळी अप्पांकडे गेले. ते दारात म्हणाले, "ये. परीक्षा कधी आहे तुझी?"

"झाली, अप्पा."

"अच्छा," ते म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी लपवलंय त्यांच्यापासून.

१ नोव्हेंबर

आईच्या थडग्यावर शेवंती ठेवायला दोघं गेलो. अप्पांनी फुलं अगदी सारख्या अंतरावर लावली, आधी बोटानं मोजून. ते पाणी आणायला गेले तेव्हा जुने पोस्टमास्तर, त्यांच्या गुरुवारच्या टेबलावरले, मला बाजूला घेऊन बोलले. गेलं वर्षभर अप्पांना पत्त्यांचा हिशोब ठेवता येत नव्हता. मंडळी मुद्दाम चुकायची, म्हणजे त्यांची चूक उठून दिसू नये. एकदा ते अप्पांच्या लक्षात आलं. त्यांनी पत्ते टेबलावर उपडे ठेवले, टोपी घेतली आणि पुन्हा आले नाहीत.

म्हणजे गुरुवार माझ्यासाठी सोडले नव्हते. आणि त्यांना कळलं होतं. निदान त्या दिवशी तरी कळलं होतं. मग साडेचार लिहिताना? तेव्हाही फळ्याकडे इतका वेळ बघत होते, ते काय शोधत होते?

त्या क्षणी मी मोठ्यानं दोन म्हटलं असतं तर. पण मी पुसलं. मंडळी पत्ते खेळताना करायची तेच मी खडूनं करत होते, फक्त मला ते ठाऊक नव्हतं.

पाण्याची बादली घेऊन ते परत येईपर्यंत आम्ही हवेबद्दल बोललो.

१४ नोव्हेंबर

पेपर बघायला बोलावलं होतं. तीन गुण. पास, आणि काठावर नाही. खोडलेल्या आठच्या खाली माझे तीन तास, आणि त्याच्या प्रत्येक पायरीला वेगळी बरोबरची खूण. ताळ्याला वेगळे गुण नसतात. तपासणाऱ्यानं तरी तिथेही एक छोटीशी खूण केली होती.

मोठ्या बाईंनी मिठी मारली. झेल्मानं मुलांच्या खिरीत माझ्या नावानं जास्त साखर घातली आणि म्हणाली, आता तुला बाई म्हणावं लागणार, मेले मी.

अप्पांना सांगितलं तेव्हा ते अक्रोड फोडत होते. म्हणाले, "तीन? मी दोन दिले असते. तुझं अक्षर बघितलंय मी." मग चांगला अख्खा निघालेला गर माझ्यापुढे सरकवला. आज त्यांना सगळं नीट आठवत होतं, कुठलं गणित, कुठली खोली. आज त्यांना हौद विचारला असता तर दोनच म्हणाले असते, आणि कदाचित म्हणूनच मी विचारला नाही.

सेगेदच्या मोठ्या दवाखान्यात स्मृतीच्या डॉक्टरांकडे गुरुवारची वेळ घेतली आहे. त्यांना सांगितलेलं नाही. कसं सांगायचं ते आल्यापासून मांडतेय, त्यांनीच शिकवलं तसं. पक्ष: पातेलं, गुरुवार, वजा राहिलेले बारा. साध्याच्या ओळीला आले की हात थांबतो. भलत्या माणसापुढे बसून चूक दाखवून घ्यायची, हे त्यांना मरणाहून वाईट. आणि ते काय म्हणतील तेही मला शब्दशः पाठ आहे. तेव्हा 'सख्ख्या बापालासुद्धा नाही' म्हणाले होते, आता 'सख्ख्या लेकीलासुद्धा नाही' म्हणतील, एवढाच फरक.

तरी उद्या सकाळी जाणार. दार उघडलं की आधी अक्रोडाची टरफलं गोळा करणार, चहा ठेवणार, गॅस बघणार. आणि मग, ते फळ्याकडे वळायच्या आत, म्हणणार:

"अप्पा, गुरुवारी सेगेदला चला माझ्याबरोबर. हा एवढा एक ताळा मला करू द्या."